त्यांची मोटार

घरातलं माणूस गेलं की त्याचे कपडे कुणाला तरी देता येतात. पडवीलगत उभी असलेली त्यांची जुनी फियाट मात्र तिथेच राहते. ती विकवत नाही आणि पाहवतही नाही. मग एके दिवशी मनात येतं, त्यांच्या आठवणीखातर ही पुन्हा चालती करावी. विचार चांगला आहे. पण आपल्या रत्नागिरीत पहिली गाठ पडते ती गंजाशी.

लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो, हे आपण शाळेत शिकलो. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ त्यात भर घालतं. ते हवेतली ओल धरून ठेवतं, आणि खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहत असल्यामुळे ही रासायनिक क्रिया झपाट्याने होते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या फियाट ११०० ला वेगळी चौकट नाही; तळाचा पत्रा आणि दारांखालचे उंबरे हेच तिचा भार वाहतात. तेव्हा रंगाकडे नंतर पाहा. आधी गाडीखाली वाका आणि पेचकसाचं टोक पत्र्यावर दाबा. आत गेलं, तर तेवढा पत्रा कापून नवा जोडावा लागेल. वरून पुट्टी भरून रंग मारला, की आतला गंज निवांत वाढत राहतो. ताडपत्रीने घट्ट झाकण्याचंही तसंच. आत ओल कोंडते.

बरीच वर्षं उभी असलेली गाडी किल्ली फिरवून चालू करू नका. टाकीतलं जुनं, चिकट झालेलं पेट्रोल काढा. प्लग काढून सिलिंडरांत थोडं तेल सोडा, दोन-चार दिवसांनी इंजिन हाताने हलकेच फिरवून पाहा. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही. त्या बदला. ब्रेकच्या रबरांनाही भावनेची सवलत नाही!

स्टिअरिंगवर त्यांच्या हातांनी झिजलेली जागा, काचेखालचा गणपती, कप्प्यातली त्यांच्या अक्षरातली पेट्रोलच्या हिशेबाची वही, एवढं मात्र आहे तसंच राहू द्या. कारागिराला आधीच बजावून ठेवावं, नाहीतर तो हौसेने सगळं चकाचक करील. इंजिनाचा आणि चासीचा क्रमांकही घासू देऊ नका. नोंदणीला तो लागतो.

कायद्याने, मालकाच्या निधनानंतर ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवून ३ महिन्यांत नमुना ३१ भरायचा असतो. मुदत टळली असली, तरी आधी गाडी आपल्या नावावर करून घ्या. ५० वर्षांवरच्या खासगी गाडीची २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करता येते. पण मग ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. दोघं मिळून दर संकष्टीला गणपतीपुळ्याला जात असाल आणि तो नेम मोडायचा नसेल, तर साधी नोंदणीच ठेवावी. तिचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी, गाडी तपासूनच होतं.