रोबोटिक आर्म : सुरुवात दोन सांध्यांपासून



"आमच्या लॅबमध्ये रोबोटच नाही, मग रोबोटिक्समध्ये रिसर्च कसा करायचा?" गोंदिया, आमगाव, तिरोडा भागातले विद्यार्थी हे नेहमी विचारतात. माझं उत्तर असं की, या विषयातला मूळ प्रश्न वही-पेनावरच सुरू होतो. कसा, ते बघू.

रचना

स्वतःचा हात बघा. खांदा, कोपर, मनगट, मधे हाडं. आर्टिक्युलेटेड आर्ममध्ये हाडांच्या जागी लिंक, सांध्यांच्या जागी मोटर आणि गिअर. वस्तू हव्या त्या जागी, हव्या त्या दिशेने धरायला सहा सांधे लागतात. साधारणपणे पहिले तीन जागा ठरवतात, मनगटातले तीन दिशा.

पुण्याच्या टाल मॅन्युफॅक्चरिंगने 'ब्राबो' हा असा रोबोट आणला. त्याची मॉडेल्स २ आणि १० किलो वजनासाठी. आपल्या राईस मिलमधलं ५० किलोचं पोतं त्याला पेलणार नाही. कारण टॉर्क म्हणजे बल गुणिले अंतर. खांद्यापासून १ मीटरवर ५० किलो धरले तर सुमारे ४९० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. त्यात आर्मचं स्वतःचं वजन वेगळंच.

गणित

आता दोनच सांधे घ्या. दंड ३० सेंमी, पुढचा हात ४० सेंमी. कोन दिले की टोक कुठे पोचेल, हे त्रिकोणमितीने लगेच निघतं. हे फॉरवर्ड कायनेमॅटिक्स. पण कामाच्या वेळी प्रश्न उलटा असतो : वस्तू ५० सेंमीवर आहे, कोन किती ठेवू? हे इन्व्हर्स कायनेमॅटिक्स.

३०-४०-५० हा काटकोन त्रिकोण. म्हणजे कोपर ९० अंशात वळवा आणि खांदा वस्तूच्या दिशेपासून सुमारे ५३ अंश बाजूला ठेवा. पण कोणत्या बाजूला? कोपर वर ठेवलं काय, खाली ठेवलं काय, टोक तिथेच पोचतं. उत्तरं दोन! निवड तुम्हाला करायची आहे.

अजून एक गंमत. टोक ५० वरून ४९ सेंमीवर आणायला कोपर जेमतेम २.४ अंश वळतं. पूर्ण ताणलेल्या ७० वरून ६९ वर आणायला मात्र जवळपास २० अंश! हीच सिंग्युलॅरिटी. इथे टोक सावकाश हलवायचं तरी सांधा जोरात पळवावा लागतो.

कंट्रोल

कोन काढला म्हणजे सांधा तिथे गेलाच असं नाही. एन्कोडर खरा कोन सांगतो, कंट्रोलर हव्या कोनाशी त्याची तुलना करून मोटरला हुकूम देतो. फक्त चुकीच्या प्रमाणात जोर लावला तर वजनाने हात थोडा खाली लटकलेलाच राहतो. पीआयडीमधला 'आय' साचलेली चूक मोजून ही उणीव भरून काढतो, 'डी' हेलकावे आवरतो. अचूकता किती लागते? हात पूर्ण ताणलेला असताना खांद्यात १ अंश चुकला तर टोक सुमारे १.२ सेंमी सरकतं.

प्रोग्रामिंग

कारखान्यात टीच पेंडंटने आर्मला एकेका बिंदूवर नेऊन तो बिंदू सेव्ह करतात. रिसर्चमध्ये बहुतेक वेळा आधी सिम्युलेशन करतात. पायथन, आरओएस, गॅझेबो हे सगळं फुकट मिळतं.

तर या आठवड्यात एवढं करा : वरचा दोन सांध्यांचा हात पायथनमध्ये काढा आणि टोक एका सरळ रेषेत चालवा. ७० सेंमीच्या जवळ कोनांचं काय होतं, त्याचा आलेख काढा. तिथे जो प्रश्न पडेल, तो वहीत लिहून ठेवा. रिसर्च प्रपोजलची सुरुवात अशाच प्रश्नातून होते.