अलास्काचे तेल : आदिवासींचा आवाज एकच नाही

अमेरिकेतील अलास्का राज्यात आर्क्टिक राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य आहे. त्याच्या किनाऱ्यालगतच्या सुमारे १५ लाख एकर पट्ट्यात तेल काढायचे की नाही, हा वाद चाळीस वर्षांहून जुना आहे. १९८० च्या कायद्याने हा निर्णय तिथल्या संसदेवर सोडला. १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी नकाराधिकार वापरला. २०१७ मध्ये ट्रम्प सरकारने लिलावाचे कलम चक्क करकपातीच्या कायद्यात घातले. त्या मार्गाने सिनेटमध्ये साधे बहुमत पुरते, ही त्यातली मेख!

सरकारी तिजोरीत सुमारे एक अब्ज डॉलर येतील, असा हिशेब होता. जानेवारी २०२१ च्या लिलावात दीड कोटीही आले नाहीत. बहुतेक भूखंड राज्याच्याच महामंडळाने घेतले. जानेवारी २०२५ मध्ये तर एकही बोली लागली नाही. तरीही त्याच वर्षीच्या नव्या कायद्याने आणखी चार लिलाव बंधनकारक केले.

याच पट्ट्यात पॉर्क्युपाइन कळपातील कॅरिबू हरणे विण्यासाठी येतात. त्यांच्यावर जगणारे ग्विचिन आदिवासी म्हणूनच तेलाला विरोध करतात. पण प्रत्यक्ष पट्ट्यात वसलेल्या काक्टोविक गावातील अनेक इनुपियाट आदिवासींना तेल हवे आहे. शाळा, दवाखाना, नळाचे पाणी तेलावरील करातून आले, असे त्यांचे नेते सांगतात. त्यांना ‘विकले गेलेले’ म्हणणे सोपे आहे. आपल्या वस्त्यांत काम करताना हा शब्द मीही बरेचदा ऐकला आहे. मूलभूत सोयींसाठी नागरिकांना तेलाच्या कराची वाट का पाहावी लागली, हे मात्र कुणी विचारत नाही.