बाभुळगाव : तीन स्तरांतून एका स्तरात

यवतमाळहून धामणगाव रेल्वेकडे जाणाऱ्या मार्गावरील बाभुळगाव हे तालुक्याचे ठिकाण आहे. पंचायत समितीचे कार्यालय याच गावात आहे. मात्र त्या पंचायत समितीच्या निवडणुकीत खुद्द बाभुळगावच्या मतदाराला मत देता येत नाही. आसपासच्या खेड्यांतील माणूस ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद अशा तीन संस्थांसाठी मतदान करतो. बाभुळगावकर फक्त नगरपंचायतीसाठी. ग्रामपंचायतीची नगरपंचायत होणे म्हणजे केवळ कार्यालयाची पाटी बदलणे नव्हे, हे या एका फरकावरूनच लक्षात यावे.

महाराष्ट्रातील त्रिस्तरीय रचनेचा उगम शोधू गेल्यास यवतमाळ जिल्ह्याचाच माणूस भेटतो. पुसदचे वसंतराव नाईक महसूलमंत्री असताना त्यांच्या अध्यक्षतेखाली १९६० मध्ये लोकशाही विकेंद्रीकरण समिती नेमण्यात आली. तिच्या शिफारशींवर १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा आला आणि १ मे १९६२ पासून ही व्यवस्था सुरू झाली. शेती, शाळा, आरोग्य केंद्रे व रस्ते यांचा कारभार जिल्ह्याच्या पातळीवर निवडून आलेल्यांच्या हाती असावा, असा त्यामागील विचार होता. शहरांसाठी मात्र १९६५ चा नगरपरिषदांचा स्वतंत्र कायदा राहिला आणि तो आरंभापासून एकस्तरीय आहे.

या दोन व्यवस्थांच्या सीमेवर उभ्या असलेल्या गावांसाठी ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ मध्ये नगरपंचायतीची सोय केली. ग्रामीण रूप टाकून नागरी रूप घेणाऱ्या, म्हणजेच ‘संक्रमणशील’ क्षेत्रासाठी ही संस्था. लोकसंख्या, तिची घनता, महसूल, शेतीबाहेरचा रोजगार असे निकष राज्यघटनेतच सुचविलेले आहेत. तथापि राज्य सरकारने २०१४ मध्ये तालुका मुख्यालयांच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा देण्याचे धोरण स्वीकारले. तहसील कार्यालय असलेले गाव नागरी असते, असे गृहीत धरले गेले. शेतीवर जगणाऱ्या विदर्भातील तालुक्यांच्या गावांबाबत हे गृहीतक किती खरे, हा प्रश्न बाजूलाच राहिला. बाभुळगाव, कळंब, राळेगाव, मारेगाव, महागाव आदी गावांत नगरपंचायती आल्या त्या या धोरणातून.

अशा बदलात नागरिकाला विचारले जाते काय? जाते, पण एका ठरावीक रीतीने. सरकार आपला इरादा राजपत्रात व वृत्तपत्रात उद्घोषणेद्वारे प्रसिद्ध करते, तिच्या मराठी प्रती गावात दर्शनी जागी लावल्या जातात आणि ठरलेल्या मुदतीत लेखी हरकती जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावयाच्या असतात. जिल्हाधिकारी त्या सरकारकडे पाठवितात. ग्रामसभेच्या संमतीची अट या प्रक्रियेत नाही. हरकत मान्य का झाली नाही, हे प्रत्येकाला कळविण्याचे बंधनही नाही.

याबाबतचा महत्त्वाचा न्यायनिर्णय महाराष्ट्रातीलच आहे. कल्याण महापालिका स्थापन करताना उल्हासनगर आधी प्रस्तावात होते; तेथील रहिवाशांच्या विरोधानंतर ते वगळण्यात आले आणि वाद न्यायालयात गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये असे ठरविले की, नागरी क्षेत्र घोषित करणे हे वैधानिक स्वरूपाचे कार्य आहे. कायद्यात सांगितले आहे त्यापलीकडे सुनावणीचा हक्क नागरिकाला मागता येत नाही. त्याच कल्याण परिसरातील २७ गावे १९८३ मध्ये महापालिकेत गेली, २००२ मध्ये बाहेर आली आणि २०१५ मध्ये पुन्हा आत घेतली गेली. आधी नीट विचारले नाही की नंतर असे हेलपाटे घालावे लागतात.

इंग्लंडमध्येही सध्या याच प्रश्नावर खल सुरू आहे. तेथे अनेक भागांत कौंटी व जिल्हा अशा दोन पातळ्यांच्या परिषदा आहेत व त्या मोडून एकस्तरीय परिषदा स्थापण्याचे काम चालू आहे. नॉर्थ यॉर्कशायरमध्ये एक कौंटी परिषद व सात जिल्हा परिषदा यांच्या जागी १ एप्रिल २०२३ पासून एकच परिषद आली. त्यापूर्वी २०२१ मध्ये सरकारने परस्परविरोधी प्रस्ताव लोकांसमोर ठेवून मते मागविली होती. अंतिम निर्णय तेथेही मंत्र्यांचाच. पण नागरिकापुढे किमान दोन पर्याय होते. आपल्याकडील उद्घोषणेत पर्याय एकच असतो : हरकत असल्यास कळवा.

आणि हरकत घ्यावी की नाही हे ठरविण्यासाठी लागणारी माहिती उद्घोषणेत नसतेच. नगरपंचायत झाल्यावर बांधकामाची परवानगी, मालमत्ता कराची आकारणी व मुख्याधिकाऱ्यांचा कारभार नागरी कायद्याप्रमाणे चालतो. नगरोत्थानासारख्या शहरी योजनांचा निधी मिळू शकतो. ही जमेची बाजू खरीच. परंतु २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याचा हक्क ग्रामीण कुटुंबांपुरता होता, आणि पंतप्रधान आवास योजनेचे ग्रामीण व शहरी भाग निरनिराळ्या नियमांचे आहेत. शेतमजुराच्या घरी या गोष्टींचे मोल पाटीवरील नावापेक्षा मोठे असते. प्राथमिक शाळा तर बहुधा जिल्हा परिषदेच्याच राहतात. म्हणजे मूल ज्या संस्थेच्या शाळेत शिकते, तिच्या निवडणुकीत पालकाला मत नाही.

एकस्तरीय व्यवस्थेचा दावा असतो तो उत्तरदायित्वाचा. नळाला पाणी नाही, तर जबाबदार कोण, हे शोधत तीन कार्यालये फिरावी लागू नयेत. नगरपंचायतीत १७ प्रभाग असतात आणि आपला नगरसेवक हाकेच्या अंतरावर असतो, हेही खरे. मात्र सदस्य निवडून येण्यातच खंड पडला, तर हा दावा लंगडा पडतो. राज्यातील शंभरावर नगरपंचायतींच्या निवडणुका इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या वादात डिसेंबर २०२१ व जानेवारी २०२२ अशा दोन टप्प्यांत झाल्या. यवतमाळ जिल्हा परिषदेची मुदत २०२२ मध्ये संपली, त्यानंतर तेथे प्रदीर्घ काळ प्रशासक होता. स्तर एक असो वा तीन, प्रशासकाला मतदार जाब विचारू शकत नाही.

गावाने गमावलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ग्रामसभा. तिला गणपूर्ती होत नाही, ती कागदावर उरकली जाते, या तक्रारी जुन्या आहेत. तरीही प्रत्येक मतदार तिचा सदस्य असतो आणि खर्चाचा हिशेब तेथे उभे राहून मागता येतो. नागरी भागासाठी क्षेत्रसभेची तरतूद राज्याने २००९ मध्ये केली. ती भरल्याचे वृत्त क्वचितच वाचावयास मिळते. तिच्यासाठी नवा कायदा लागत नाही. नगरसेवकाकडे तिची मागणी बाभुळगावच्या कोणत्याही प्रभागातील मतदाराला आजही करता येईल.