पनामाच्या झेंड्याखाली रत्नागिरीचा खलाशी

रत्नागिरीकडे ‘मुलगा कुठे असतो?’ असं विचारलं, की पुष्कळ घरांतून ‘बोटीवर’ एवढंच उत्तर येतं. पण ही बोट असते कुठल्या देशात? मालक ग्रीसचा, भरती करणारी एजन्सी मुंबईची, माल ब्राझीलचा आणि बोटीच्या मागच्या अंगाला नावाखाली रंगवलेलं असतं ‘पनामा’ किंवा ‘मोनरोव्हिया’. त्या बंदरात ती कदाचित कधी गेलेलीही नसते. तरी भर समुद्रात खलाशाला कामगार कायदा लागू होतो तो ते रंगवलेलं बंदर ज्या देशातलं, त्या देशाचा! रत्नागिरीचा असो की समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर रायपूरजवळच्या अभनपूरचा, साइन ऑन केलं, म्हणजे बोटीवर रुजू झालं, की नियम तोच.

मग ज्याचा कायदा सैल त्याचा झेंडा लावावा, असं मालकाला वाटणारच. त्यावर २००६च्या फेब्रुवारीत जिनिव्हात सागरी कामगार करार झाला. त्याला सर्वांत आधी मान्यता कुणी दिली? सोयीच्या झेंड्यासाठी प्रसिद्ध असलेल्या लायबेरियाने! २० ऑगस्ट २०१३ला करार अमलात आला. भारत २०१५मध्ये सामील झाला. त्यानुसार देशाने कामाची कमाल मर्यादा ठरवायची किंवा विश्रांतीची किमान. विश्रांतीची ठरवली, तर २४ तासांत किमान १० आणि आठवड्यात ७७ तास. त्या १० तासांचे दोनच तुकडे करता येतात आणि एक तुकडा सलग सहा तासांचा हवाच. झोपेचा इतका बारीक विचार करणारा कायदा मला फार आवडतो.

खरी कमाल पुढेच आहे. करार न मानणाऱ्या देशाची बोटही करार मानणाऱ्या देशाच्या बंदरात आली, की तिला कसलीही सवलत नाही. निरीक्षक वर चढतो, अर्ध्या अर्ध्या तासाची घरं आखलेला विश्रांतीचा तक्ता मागतो आणि लॉगबुकाशी ताडून पाहतो. पहाटे तीनला बोट धक्क्याला लागली आणि दोर बांधणारा खलाशी तक्त्यात झोपलेला दिसला, तर कप्तानाला जाब द्यावा लागतो. फारच गंभीर प्रकार असेल तर बोट अडकवूनही ठेवता येते.

आणि मालकानेच बोट वाऱ्यावर सोडली तर? २०१७पासून त्यासाठी विमा किंवा तशी आर्थिक हमी सक्तीची आहे. त्यात चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार, अन्नपाणी आणि घरी परतण्याचा खर्च येतो. हमीचं प्रमाणपत्र सगळ्यांना दिसेल अशा जागी लावायचं असतं. मालक फोन उचलत नसला, तरी खलाशी थेट हमी देणाऱ्याकडे मदत मागू शकतो.