ईदनंतरचे वजन

असरची नमाज झाली की जुन्या नाशकात दूध बाजार, चौक मंडई, भद्रकालीकडची गर्दी वाढू लागते. खजूर, पपई, कलिंगड, समोसे, भजी यांच्या पिशव्या घरोघरी निघतात. घरात मात्र कामावरून नुकतीच परतलेली आई ओट्यापाशी उभी असते आणि मुलाचा गृहपाठही तिथेच, तिच्या देखरेखीखाली चाललेला असतो.

शेजारचे हिंदू मित्र दरवर्षी एक प्रश्न हमखास विचारतात : महिनाभर रोजे धरता, मग वजन चांगलेच उतरत असेल ना? उतरते, पण थोडे. वेगवेगळ्या देशांत झालेल्या अभ्यासांचे सार असे, की रमजानमध्ये सरासरी किलो-दीड किलोच वजन कमी होते आणि त्यातले बरेचसे पुढच्या काही आठवड्यांत परत येते. कारण साधे आहे. दिवसाचे तेरा तास पोट रिकामे असते, पण उरलेल्या अकरा तासांत काय खाल्ले यावर वजनाचा हिशेब ठरतो. एका ग्रॅम तेलात नऊ कॅलरी असतात, साखरेत चार. तळलेले समोसे आणि गोड सरबत यांनी दिवसभराची कसर अर्ध्या तासात भरून निघते. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण साबुदाण्याच्या खिचडीसाठी असली, तरी इफ्तारच्या दस्तरखानालाही ती तितकीच लागू पडते.

वास्तविक पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण उलट आहे. पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी मोकळा ठेवावा, असे त्यांनी सांगितले. खजूर आणि पाण्याने रोजा सोडायचा, मगरिबची नमाज पढायची आणि मग जेवायला बसायचे, ही जुनी पद्धतही उपयोगी आहे. पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचायला थोडा वेळ लागतो. तो वेळ नमाजेत आपोआप मिळतो.

पण लहान मुलांच्या आई-बापांची अडचण निराळीच असते. त्यांचे वजन ताटातल्या जेवणाने वाढते तसेच ताटाबाहेरच्या घासांनीही वाढते. मुलाने अर्धा टाकलेला पराठा, डब्यात परत आलेली भाजी, उरलेला मालपुवा. अन्न वाया घालवणे गुन्हा, म्हणून आई ते संपवते. नासाडी इस्लामला मान्य नाही हे खरेच. पण ती टाळायचा योग्य मार्ग म्हणजे मुळात कमी वाढणे आणि कमी तळणे.

दुसरे कारण झोपेचे. तरावीहनंतर आवराआवर करून उशिरा झोपायचे आणि सहेरीसाठी सगळ्यांच्या आधी उठायचे, हे बहुतेक घरांत एकाच व्यक्तीच्या वाट्याला येते. झोप अपुरी झाली की भूक वाढवणारे संप्रेरक वाढते आणि तृप्तीची खूण देणारे घटते. म्हणजे आईच्या वजनाचा प्रश्न तिच्या एकटीच्या निग्रहाचा नाही, घरातल्या कामाच्या वाटणीचाही आहे. सहेरीची भांडी वडिलांनी घासली आणि दुपारी मुलांना तासभर सांभाळले, तर तेही वजनावरचे औषधच ठरेल.

वजन उतरवण्यापेक्षा ते टिकवणे कठीण, कारण वजन घटल्यावर शरीर ऊर्जा जपून खर्च करू लागते आणि भूक वाढवते. अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची नोंद ठेवली जाते, ज्यांनी किमान साडेतेरा किलो वजन कमी करून वर्षभर तरी टिकवले. त्यांच्यात साम्य दिसले ते साध्या सवयींचे : रोज सुमारे तासभर चालणे किंवा तसाच व्यायाम, आठवड्यातून एकदा वजन पाहणे आणि सुटीच्या दिवशीही नेहमीसारखेच खाणे. डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर सांगितलेली दोन वेळा जेवण आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालण्याची पद्धत घरोघरी पोहोचली, त्यातही सोपेपणाचा वाटा मोठा होता. मुलांना शाळेत सोडून गोल्फ क्लब मैदानाला चकरा मारणे जमले तर उत्तम. नाहीतर भाजी आणायला पायी जाणेही चालते.

मधुमेह, रक्तदाब यांची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच रोजा धरावा. आजारी, गर्भवती आणि बाळाला पाजणाऱ्या स्त्रियांना सवलत आहे. ती घेण्यात कमीपणा नाही.

रोजा इबादत आहे. वजन कमी करणे हा त्याचा हेतू नव्हे. तरी महिनाभरात एक गोष्ट सिद्ध होते : भूक लागली म्हणून लगेच खाल्लेच पाहिजे असे नसते. ईदच्या शीरखुर्म्यानंतर ही शिकवण विसरू नये, याची सोय सुन्नतमध्येच आहे. शव्वालचे सहा रोजे आणि वर्षभर सोमवार-गुरुवारचे ऐच्छिक रोजे. ज्यांना तेही जमणार नाहीत, त्यांनी ईदच्या दुसऱ्या दिवशी निदान एवढे करावे : मुलांच्या ताटात थोडे कमी वाढावे आणि संध्याकाळी त्यांचा हात धरून पायी एक फेरी मारावी.