वडीलधाऱ्यांची सेवा करणाऱ्यांचाही सत्कार व्हावा



वार्षिक सर्वसाधारण सभेत एकरी जास्त टनेज काढणाऱ्या शेतकऱ्याला फेटा बांधून त्याचा सत्कार करण्याची पद्धत सहकारी कारखानदारीत जुनी आहे. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा असे गट पाडायचे, काट्याच्या पावत्या बघायच्या आणि मगच नाव जाहीर करायचे. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्येही राज्य पातळीवर ऊसभूषण पुरस्कार दिले जातात. हे योग्यच आहे. चांगल्या कामाला चारचौघांत चांगले म्हटले की शेजारच्या बांधावरचा माणूसही कामाला लागतो.

तोच न्याय आणखी एका कामाला लावावा, एवढे या लेखातून सुचवायचे आहे. ते काम म्हणजे गावातल्या म्हाताऱ्या माणसांची सेवा.

२०११ च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरील माणसे सुमारे १० कोटी ३८ लाख होती. महाराष्ट्रात ती १ कोटी ११ लाखांच्या घरात होती, म्हणजे शंभरात जवळजवळ दहा. त्यानंतर हा आकडा वाढलेलाच आहे. आपल्या भागात वेगळे काय चित्र आहे? ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन शेअरची रक्कम भरली, त्या पिढीतले जे हयात आहेत ते आता ऐंशीच्या घरात. पोरे पुण्या-मुंबईला. घरात दोन म्हातारी माणसे, दारात एक म्हैस. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, पेन्शनचा दाखला, सातबाऱ्याचा वाद कोण बघते? बघणारी माणसे आहेत. पण त्यांची नावे कुठल्या व्यासपीठावर ऐकली आहेत का?

दिल्लीतला सन्मान

संयुक्त राष्ट्रसंघाने १९९० साली ठराव करून १ ऑक्टोबर हा ज्येष्ठांचा दिवस ठरवला आणि १९९१ पासून तो पाळला जाऊ लागला. आपल्याकडे तेव्हा बॉयलर पेटवण्याची धांदल असते, त्यामुळे हा दिवस कधी आला नि गेला कळत नाही. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्याने २००५ मध्ये ‘वयोश्रेष्ठ सन्मान’ सुरू केला आणि २०१३ पासून त्याला राष्ट्रीय पुरस्काराचा दर्जा मिळाला.

या सन्मानाचे गट मात्र नीट वाचावेत. एकूण १३ गट ठरवण्यात आले. त्यांतले ७ संस्थांचे व सरकारी यंत्रणांचे : संशोधन करणारी संस्था, सेवा देणारी संस्था, जिल्हा पंचायत, नागरी संस्था, राज्य सरकार वगैरे. उरलेले ६ व्यक्तींचे : शतायू, आदर्श माता, जीवनगौरव, कला, क्रीडा आणि शौर्य. म्हणजे सन्मान एक तर संस्थेचा, नाही तर खुद्द ज्येष्ठाचा. दोहोंच्या मधे जी माणसे राबतात, रोज उंबरठा चढतात, त्या नर्सबाईला, पोस्टमनला, निकाल देणाऱ्या अधिकाऱ्याला तिथे स्वतंत्र गट नाही. ही उणीव गावानेच भरून काढली पाहिजे.

सेवा म्हणजे नेमके काय

पहिले उदाहरण डॉक्टरांचे. म्हातारपणाचे आजार वेगळे असतात, त्यांना वेगळा वेळ द्यावा लागतो, हे आपल्या देशात फार उशिरा उमगले. मद्रासच्या सरकारी जनरल हॉस्पिटलात १९७८ साली वृद्धांसाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. त्यामागे डॉ. व्ही. एस. नटराजन होते. तिथल्याच मेडिकल कॉलेजात १९९६ मध्ये या विषयाचे एम. डी. चे शिक्षण सुरू झाले. नटराजन यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१०-११ पासून केंद्राचा वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आला व जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटांच्या कक्षाची तरतूद झाली.

दुसरे उदाहरण वाडीवस्तीवरचे. नर्सबाईंसाठी केंद्र सरकारचा फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार १९७३ पासून आहे. आशाताईंचा गौरव तर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने केला. दहा लाखांहून अधिक आशांचा तो एकत्रित सन्मान होता. पण आपल्या वस्तीवरच्या आशाताईंना तो कुणी सांगितला का? आजीची साखर वाढली, आजोबा दोन दिवस जेवले नाहीत, ही बातमी पुण्यातल्या मुलाच्या आधी त्यांना कळते. आणि एक गोष्ट स्पष्टच बोलली पाहिजे. आशाताई नियमित पगारावर नाहीत, मानधनावर आणि कामाच्या मोबदल्यावर राबतात. शाल-श्रीफळाने चूल पेटत नाही. सत्कार करणाऱ्यांनी त्यांचे मानधन वेळेवर मिळावे यासाठीही आवाज उठवला पाहिजे.

तिसरे उदाहरण पोस्टमनचे. कारखान्यातून निवृत्त झालेल्या कामगारांपैकी अनेकांना १९९५ च्या योजनेची पेन्शन मिळते. ती चालू राहायला दर वर्षी हयातीचा दाखला लागतो. २०१४ मध्ये हा दाखला अंगठ्यावर देण्याची सोय झाली आणि २०२० पासून पोस्टमन तो दारात येऊन करू लागला. पण जन्मभर खुरपे आणि कोयता धरलेल्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र अंगठा ओळखत नाही. अशा वेळी “उद्या या” म्हणणारा एक, आणि हात धुऊन-पुसून पुन्हा पुन्हा बोट लावून बघणारा, नाहीच जमले तर चेहऱ्यावरून दाखला करून देणारा दुसरा. दोघांचा पगार सारखाच. फरक माणुसकीचा. सत्कार या दुसऱ्याचा व्हायला हवा.

चौथे उदाहरण प्रांत कचेरीतले, आणि ते सभासदांनी ध्यान देऊन वाचावे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याने निर्वाह न्यायाधिकरण नेमले. त्याचा प्रमुख प्रांताच्या दर्जाचा अधिकारी असतो. मूल सांभाळत नसेल तर म्हातारा माणूस तिथे अर्ज करू शकतो. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत, फारच अडचण असेल तर आणखी ३० दिवसांत, निकाल अपेक्षित आहे. महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहाचा आदेश देता येतो. मूलबाळ नसलेल्यांना, त्यांची मालमत्ता ज्याच्याकडे जाणार त्या नातेवाइकाकडून निर्वाह मागता येतो.

याच कायद्याचे २३ वे कलम आपल्या कामाचे. सांभाळ करण्याच्या अटीवर जमीन किंवा घर दिले आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतर रद्द ठरवता येते. अट होती की नव्हती यावरचे वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आहेत. तेव्हा बक्षीसपत्र करताना “सांभाळीन, औषधपाणी करीन” ही अट कागदावर लिहूनच घ्या. पोटच्या पोरावर अविश्वास कशाला, असे कुणी म्हणेल. पण व्यवहार चोख असला की माया टिकते, हे सहकारात मुरलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

असा अर्ज घेऊन आलेल्या म्हातारीला खुर्ची देणारा कारकून, तारखांवर तारखा न पाडता मुदतीत निकाल देणारा प्रांत, हे आपले खरे लोकसेवक. कर्तव्यच करतात, त्यात काय विशेष, हा प्रश्न रास्त आहे. पण खत-पाणी घालणे हेही ऊस उत्पादकाचे कर्तव्यच, तरी विक्रमी टनेजाला आपण फेटा बांधतोच ना?

निवड कशी व्हावी

संचालक मंडळाने विचार करावा म्हणून काही सूचना मांडतो. दर वर्षी गटवार एक, अशी थोडीच नावे घ्यावीत. फार झाली की किंमत राहत नाही. ज्याचा सत्कार व्हायचा त्याने स्वतः अर्ज करू नये. नाव ज्येष्ठांनी सुचवावे, आणि त्यात अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन विचारावे, कारण सभेला तेच येऊ शकत नाहीत. कुणाचा पाहुणा, कुणाच्या पार्टीचा हे बघू नये. कामाचा पुरावा मागावा : किती घरी गेला, किती दाखले दारात करून दिले, किती अर्ज मुदतीत निकाली काढले. उसाला काटा आहे, तसा यालाही काटा लावता येतो. आणि सत्कार पुढाऱ्याच्या हस्ते नको. ज्या म्हाताऱ्याची सेवा झाली त्याच्याच हाताने फेटा बांधावा. मग भाषणांची गरजच उरणार नाही.

खर्च फार नाही. एक फेटा, एक नारळ आणि सभेतली दहा मिनिटे. पुढच्या सभेत एकरी टनेजाची नावे वाचून झाली, की ही चार नावेही वाचली जावीत.

जय सहकार!