आधी त्याला दिसू तर द्या

वर्गातला एखादा मुलगा दुसऱ्याला रोज छळतो, तेव्हा मोठी माणसे छळ सोसणाऱ्याला धीर देतात आणि छळणाऱ्याला शिक्षा करतात. आपण नेमके काय करतो आहोत हे छळणाऱ्याला स्वतःला कळावे, यासाठी पद्धतशीर प्रयत्न सुरू होऊन जेमतेम पन्नास वर्षे झाली. त्यातले महत्त्वाचे काम उत्तर युरोपात झाले.

1970च्या दशकात मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी स्वीडनमधल्या शाळकरी मुलांचा अभ्यास केला. पुढे 1982च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत 10 ते 14 वर्षांच्या तीन मुलांनी आत्महत्या केल्या. सोबत्यांचा जाच हेच बहुधा कारण होते. देश हादरला आणि 1983 मध्ये शाळाशाळांतून मोहीम सुरू झाली. बर्गेनमधल्या सुमारे 2500 मुलांचा मागोवा घेतल्यावर छळाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आल्याचे ओल्वेउस यांना आढळले. नियम ठाम होते, पण शिक्षेत मारहाण किंवा वैरभाव नव्हता. छळणाऱ्या मुलाशी आणि त्याच्या पालकांशी गांभीर्याने बोलणे हा त्या कार्यक्रमाचाच भाग होता.

स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ अनातोल पिकास आणखी पुढे गेले. त्रास देणाऱ्या टोळीतल्या एकेकाला ते वेगळे बोलावत. आरोप नाही, जबाब नाही. ‘तो मुलगा सध्या फार त्रासात आहे, तुला काय दिसतं?’ आणि मग, ‘तू काय करू शकशील?’ टोळीत बेफिकीर असणारा मुलगा एकटा बसला की त्याच्याही मनातली अस्वस्थता वर येते, यावर त्यांची भिस्त होती. ही पद्धत फार मवाळ आहे अशी टीका झाली. ती टीका मला अर्धीच पटते. बोलताना आरोप टाळावा, पण कृत्य चूक आहे हे सांगायला कचरू नये.

फिनलंडमध्ये 1996 साली क्रिस्टिना साल्मिवल्ली आणि सहकाऱ्यांनी सहावीच्या 573 मुलांना विचारले, की वर्गात छळ होतो तेव्हा कोण काय करतो? पुढाकार घेणारा एखादाच. बाकी कुणी त्याला साथ देतो, कुणी हसून चढवतो, कुणी बाजूला होतो. मुलांनी स्वतःचा सहभाग कमी सांगितला आणि ‘मी सोसणाऱ्याची बाजू घेतो’ किंवा ‘मी लांबच असतो’ यावर भर दिला. मला या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा शोध वाटतो. ‘गंमत केली हो सर’ म्हणणारा मुलगा दर वेळी खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच तेवढेच दिसलेले असते.

याच कामातून तुर्कू विद्यापीठाचा ‘किवा’ कार्यक्रम उभा राहिला आणि 2009 पासून फिनलंडभर पसरला. त्या शाळांतल्या छळणाऱ्या मुलांचा 2016 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की सोसणाऱ्याची वेदना समजावली आणि कृत्याचा स्पष्ट निषेध केला, तर बदलण्याचा इरादा वाढतो. मुलालाच दोष देत राहिल्याने काही फरक पडत नाही.

आपल्याकडे महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा 1999चा, विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम 2009चे. दोन्ही गरजेचेच. पण त्यांचा रोख मुख्यतः महाविद्यालयांवर आहे आणि छळण्याची सवय त्याआधीच, पाचवी-सहावीत लागते. शिक्षकांनो, पुढची तक्रार आली की त्या मुलाला सगळ्यांदेखत उभे करू नका. वर्ग सुटल्यावर एकट्याला बोलवा, समोर बसवा, आणि त्याला काय दिसले ते आधी विचारा.